जिप्सम किती पोती, हा नंतरचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोळ तालुक्यात नदीकाठची तीन एकर काळी जमीन, पंचवीस वर्षं ऊस आणि खोडवा. पाणी उपसा योजनेचं, उन्हाळ्यात जोडीला विहिरीचं. खालच्या अंगाच्या एका एकरात पूर्वी ५५ टन निघायचे, आता २४ वर आलंय. उन्हाळ्यात पांढरी पापडी धरते, मधले दोन-तीन पट्टे तर उगवतच नाहीत. माती परीक्षणात सामू (पीएच) ८.४, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) १.९, मुक्त चुना ९ टक्के. एकानं एकरी ४० पोती जिप्सम (मातीला कॅल्शियम देणारं खनिज) टाकायला सांगितलं, दुसऱ्यानं क्षार ‘खाणारं’ जिवाणूंचं द्रावण सुचवलं, तिसरा म्हणतो नदीचं पाणी भरपूर सोडा, क्षार धुऊन जातील. यातलं काय करू?

आज यातलं एकही करू नका. तिसरा सल्ला तर अजिबात नको, त्यानं आहे ती जमीनही बिघडू शकते. कारण पुढे येईलच. आधी एक साधा हिशोब बघा.

तुमच्या अहवालातली ईसी १.९ आहे ती बहुतेक एकास अडीच या प्रमाणात, म्हणजे एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून काढलेली. आपल्याकडच्या प्रयोगशाळा साधारण तशीच काढतात. पिकांच्या सहनशक्तीचे आकडे मात्र संपृक्त अर्काच्या, म्हणजे पूर्ण भिजवलेल्या मातीतून ओढून काढलेल्या पाण्याच्या ईसीवर दिलेले असतात, आणि भारी मातीत तो आकडा एकास अडीचच्या साधारण अडीच-तीन पट भरतो. म्हणजे तुमची खरी ईसी पाचच्या आसपास धरा. उसाला १.७ डेसीसायमनपर्यंत (हे ईसीचं एकक) त्रास होत नाही. त्यापुढे प्रत्येक डेसीसायमनला उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटतं. पाचातून १.७ गेले की उरतात ३.३, म्हणजे घट जेमतेम २० टक्के. ५५ टनांचे ४४ व्हायला हवे होते, तुमचे २४ झालेत. मग उरलेले २० टन गेले कुठे?

सहनशक्तीचे ते आकडे चांगला निचरा असलेल्या जमिनीत काढलेले आहेत. तुमच्या एकरात क्षारांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी असणार. एक म्हणजे मुळांशी उभं असलेलं पाणी, आणि दुसरी बहुधा सोडियम. (नमुना चांगली-वाईट माती एकत्र करून घेतला असेल तर १.९ हा आकडाच खोटा, पट्ट्यातला प्रत्यक्ष आकडा बराच वर असेल. तेही तपासायला हवं.) म्हणून तुमचा प्रश्न ‘जिप्सम किती’ असा दिसत असला तरी त्याच्या आत दडलेला प्रश्न वेगळा आहे: या एकरात आलेलं पाणी बाहेर कुठून जातं? बहुधा ते कुठूनच जात नसणार.

काळ्या मातीत हे का होतं, ते समजून घेतलं तर पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. आपली माती बेसाल्टच्या झिजेतून झाली. त्या खडकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर, थोडा सोडियमही. झिजून जी चिकणमाती होते तिचे कण अतिशय बारीक पापुद्र्यांचे असतात. पाणी पापुद्र्यांच्या आत शिरलं की माती फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यात ओघळते, पावसात पुन्हा सगळं फुगतं. शेकडो वर्षं ही माती अशी स्वतःच स्वतःची नांगरट करत आली. पहिला पाऊस आत खोलवर जातो तो याच भेगांतून. एकदा का माती फुगून भेगा मिटल्या, की पाणी झिरपण्याचा वेग ताशी काही मिलिमीटरवर येतो.

आता या मातीला बारा महिने ओली ठेवा. भेगा पडतच नाहीत, नांगरट थांबली, खाली जाणारी वाट बुजली. वरून पाणी मात्र चालूच. शिरोळ-मिरजेकडे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. पाटपाण्याच्या उसाला आपण वरून सहज १५० सेंटिमीटर पाणी देतो. समजा पाण्याची ईसी ०.५ आहे, म्हणजे पाणी चांगलंच आहे. तरी त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ०.३२ ग्रॅम क्षार असतात. एकरावर १५० सेंटिमीटर म्हणजे साधारण ६० लाख लिटर, आणि त्यातून वर्षाला जवळजवळ १.९ टन क्षार शेतात येतात. पीक पाणी पिऊन टाकतं, क्षार बहुतांशी मागे सोडतं. विहिरीच्या पाण्याची ईसी २ असेल तर तेवढ्याच पाण्यातून चौपट. खाली निचरा असता तर पावसाळ्यात यातले बरेचसे निघून गेले असते. निचरा नाही म्हणून जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते. ती दीड मीटरच्या आत आली की उन्हाळ्यात दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं खारं पाणी वर चढतं, पाण्याची वाफ होते आणि पांढरी पापडी मागे उरते. तुम्ही बघताय ती हीच.

सोडियमची गोष्ट याच्याही पुढची. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो तो कॅल्शियम. पाण्यातला बायकार्बोनेट कॅल्शियमला पकडून चुनखडीच्या रूपात खाली बसवतो. तुमचा ९ टक्के मुक्त चुना त्यातूनच वाढत असतो. कॅल्शियम असा बाजूला पडला की विद्राव्य क्षारांत सोडियमचा वाटा आपोआप वाढतो आणि तो कणांवर जाऊन बसतो. सोडियम बसलेले कण पाण्यात सुटे होतात, बारीक छिद्रं बुजवतात. मग पाऊस पडला की चार-चार दिवस गढूळ पाणी साचून राहतं आणि सुकल्यावर वर दगडासारखा थर बसतो. हीच चोपण जमीन.

ही सगळी करणी माणसाचीच असते असं मात्र नाही. विदर्भात पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा बघा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या काळ्या जमिनी कालव्याचं पाणी न पाहताही चोपण आहेत, कमी पाऊस आणि मंद निचरा एवढ्यानंच. आपल्याकडे निसर्गाला जे करायला हजारो वर्षं लागली असती ते पाटपाण्यानं एका पिढीत होतं. आणि हे आजचंही नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ मध्ये सुटलं, आणि पुढच्या काही दशकांतच त्या पट्ट्यात जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या होत्या.

आता कामाचं. पहिली पायरी जवळजवळ फुकटात होते. बिघडलेल्या एकरात तीन ठिकाणी आणि वरच्या चांगल्या भागात एका ठिकाणी दोन मीटर खोल भोक पाडा. पहार-फावड्याचा खड्डा नको; गिरमिटानं तीन-चार इंची भोक पाडा, त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप खालच्या दीड मीटरला करवतीच्या चिरा देऊन उभा करा, भोवती बारीक खडी, आणि तोंडाशी माती दाबून वरचं पाणी आत जाणार नाही असं करा. काळ्या मातीत पाणी हळूहळू झिरपतं, म्हणून चोवीस तास थांबून माप घ्या. काठीला खडू लावून बुडवली तरी चालतं. पाणी दिल्यावर पाचव्या दिवशी, पुढच्या पाण्याच्या आदल्या दिवशी, आणि वरच्या शेजाऱ्यानं पाणी दिल्यावर दोन दिवसांनी अशी मापं लिहून ठेवा. शेजाऱ्याच्या पाण्यानं तुमची पातळी चढत असेल तर अर्धा आजार बाहेरून येतोय. त्याचा इलाज वेगळा: वरच्या बांधाला आडवा खोल चर. जिप्समच्या पोत्यांनी शेजाऱ्याचं पाणी थांबत नाही.

दुसरी पायरी, नीट नमुने. पापडी आधी खरवडून बाजूला करा. शून्य ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर असे तीन थर वेगळे घ्या. न उगवणारा पट्टा, मध्यम भाग आणि चांगला भाग यांचे नमुने एकमेकांत मिसळू नका. प्रयोगशाळेला चार गोष्टी मागा: संपृक्त अर्काची ईसी, सामू, विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी म्हणजे ईएसपी (कणांवर बसलेल्यांत सोडियमचा वाटा), आणि मातीची कॅटायन विनिमय क्षमता (कण कॅल्शियम, सोडियम वगैरे एकूण किती धरू शकतात). ईएसपी काढताना विद्राव्य सोडियम वजा केला का, हेही विचारा. खाऱ्या मातीत ते केलं नाही तर ईएसपी फुगून दिसतो आणि तुम्ही उगीच दुप्पट जिप्सम विकत घेता. विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करा. त्यात शिल्लक सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी, लिटरला २.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या (रासायनिक मापाचं एकक) वर असेल तर ते पाणी या जमिनीला देऊ नका.

सामू ८.४ आहे म्हणून चोपण नाही असं समजू नका. चुनखडीच्या मातीचा सामू मुळातच ८.२-८.४ च्या आसपास राहतो आणि क्षार जास्त असले की सोडियम असूनही तो दबलेला दिसतो. क्षार धुऊन निघाले की तोच सामू ९ कडे सरकतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

अहवाल येईपर्यंत घरी एक परीक्षा करून बघा. हरभऱ्याएवढा सुका ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या किंवा बॅटरीच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळायचं नाही. ढेकूळ विरघळून ढीग झाला पण पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमची भीती कमी. ढेकळाभोवती दुधट कडं पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर कण सुटतायत. विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातले क्षारच कणांना धरून ठेवतात आणि परीक्षा चुकते. तुमची माती आत्ता खारी आहे म्हणून पहिल्या खेपेस पाणी स्वच्छ दिसेलही. तसं झालं तर वरचं पाणी हळूच ओतून काढा, नवं पावसाचं पाणी घाला, असं दोन-तीनदा करा. क्षार गेल्यावर तीच माती गढूळ होऊ लागली तर पेल्यात जे दिसलं तेच उद्या शेतात होणार.

नदीचं पाणी भरपूर सोडण्याला मी नको म्हणतो ते यामुळेच. एक तर खाली वाट नसताना सोडलेलं पाणी क्षार घेऊन कुठेच जात नाही, पातळी आणखी वर आणतं. आणि समजा काही क्षार गेलेच, तर कणांवरचा सोडियम तसाच राहतो, त्यांना धरून ठेवणारे क्षार गेलेले असतात, आणि माती बंद होते. खारवट जमीन चोपण करण्याचा हा हमखास मार्ग आहे. खारवट सुधारणं सोपं, चोपण सुधारणं अवघड.

इथवरचा क्रम असा: आधी पाण्याची पातळी मोजा, मग मातीची ईएसपी काढा, मग निचरा, मग जिप्सम आणि धुणं. अहवालात खोलवरची ईसी जास्त पण ईएसपी पाच-सहाच्या आत निघाली तर जिप्सम शून्य पोती. निचरा आणि पावसाळा एवढ्यावर काम होईल. पुस्तकात चोपणसाठी ईएसपी १५ ही सीमा दिसेल. ती १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेनं घालून दिलेली. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत त्याच्या कितीतरी आधी झिरपा मंदावतो, म्हणून १५ ची वाट बघू नका.

निचऱ्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण पैसा इथे जातो आणि चुकाही इथेच होतात.

सगळ्यात आधी पाणी सोडायची जागा बघा. जवळचा ओढा किंवा सामाईक चर किती खोल आहे? सच्छिद्र पाइप १.२ ते १.५ मीटरवर घालायचे, त्यांना शंभर मीटरला १० ते २० सेंटिमीटर उतार द्यायचा, आणि शेवटचं तोंड ओढ्याच्या नेहमीच्या पाण्यापेक्षा वीतभर तरी वर हवं. म्हणजे ओढा दोन मीटरच्या आसपास खोल लागतो. तो गाळानं भरलेला असेल तर आधी ओढा उपसणं हेच तुमचं पहिलं काम. ते एकट्यानं होत नाही. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी मिळून केलं तर होतं, आणि तुमच्या तालुक्यात गटानं असे निचरे झालेले आहेत. ते प्रत्यक्ष जाऊन बघा. ओढाच जवळ नसेल तर शेताच्या तळाला संप (पाणी गोळा करायची टाकी) बांधून पंपानं उपसावं लागतं. होतं तेही, फक्त विजेचं बिल आणि पंप चालू ठेवण्याची शिस्त दोन्ही लागते.

पाइप म्हणजे ८० मिलिमीटरचा, वळ्यांचा, सच्छिद्र पीव्हीसी, भोवती गाळणीचं कापड. कापडात काटकसर करू नका. सोडियमवाल्या मातीचा गाळ इतका बारीक असतो की उघडा पाइप काही पावसाळ्यांत भरून जातो. भारी काळ्या मातीत दोन पाइपांमधलं अंतर १५ ते ३० मीटर ठेवतात. नेमकं किती, ते तुमच्या मातीच्या झिरप्यावर अवलंबून आहे आणि तो भोकातलं पाणी उपसून ते किती वेगानं भरतं यावरून मोजता येतो. २० मीटर धरलं तर एकरी सुमारे २०० मीटर पाइप. खोदाई आणि पाइप घालणं तोंडाकडून वर वर करत जायचं, वरून खाली कधीच नाही. एका जागी पाइप खाली दबला की तिथे गाळ बसतो आणि त्याच्या वरचा सगळा पाइप मुका होतो. म्हणून लेव्हल लावल्याशिवाय चर बुजवू देऊ नका, ठेकेदार कितीही घाई करो. मुख्य पाइपाला जिथे फाटे मिळतात तिथे तपासणीचं चेंबर बांधा, तळ पाइपापेक्षा फूटभर खाली, गाळ बसायला. पाइपाच्या वरच्या टोकाला टोपी. चर बुजवताना सुकी, भुसभुशीत माती आधी. ओला चिखल पाइपावर पडला की भोवती मडक्यासारखं कवच बसतं. बांधावरची निलगिरी-सुबाभूळ पाइपापासून लांब ठेवा, मुळं पाण्याच्या वासानं येतात.

नदीकाठी म्हणून एक जास्तीची गोष्ट. २००५, २०१९, २०२१ सारखा पूर आला की तोंडातून उलटं पाणी शिरतं. तोंडाला झडप बसवा आणि पूर ओसरल्यावर चेंबरं उपसून घ्या.

मोल ड्रेन स्वस्त पडतो. ट्रॅक्टरमागे बंदुकीच्या गोळीसारखा लोखंडी तुकडा अर्धा मीटर खोलीवर ओढून मातीतच बीळ पाडायचं. भारी मातीत तो चालतो, पण सोडियमवाल्या मातीत बिळाच्या भिंती लवकर ढासळतात. तुमची ईएसपी जास्त निघाली तर यात पैसे घालू नका.

आता जिप्समचा हिशोब, म्हणजे ४० पोती बरोबर की चूक हे तुम्हीच ठरवू शकाल. एकराचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण ८ लाख किलो माती. त्यातला १०० ग्रॅम मातीमागे एक मिलीइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला सुमारे ७०० किलो शुद्ध जिप्सम लागतं. समजा विनिमय क्षमता ५० आणि ईएसपी १६ आली. म्हणजे सोडियम ८. तो ईएसपी ८ वर, म्हणजे सोडियम ४ वर आणायचा तर ४ गुणिले ७०० म्हणजे २.८ टन. बाजारातलं जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर ३.५ टन, ५० किलोची ७० पोती. ईएसपी १० आली तर हाच हिशोब १७-१८ पोत्यांवर येतो. माती न बघता सांगितलेली ४० पोती कुणाला दुप्पट पडतील, कुणाला निम्मी.

जिप्सम एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं. म्हणजे एकरात एक टन विरघळायला १० सेंटिमीटर पाणी त्यातून जायला हवं, २.८ टनांना २८ सेंटिमीटर. म्हणून एका वेळी सगळं ओतू नका, दोन हंगामांत निम्मं-निम्मं द्या. मे अखेर, पहिल्या पावसाआधी, बारीक भुकटी सारखी पसरून वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्ये मिसळा. नांगरानं खोल गाडलं तर ते नको तिथे जातं. पाण्याची वाट वरूनच बंद झालेली असते.

तुमच्याकडे ९ टक्के चुना आहे, त्यामुळे गंधकाचाही मार्ग मोकळा आहे. मातीतले जिवाणू गंधकापासून आम्ल करतात, आम्ल चुन्याशी मिळून जागच्या जागी जिप्सम तयार होतं. एक टन जिप्समच्या जागी सुमारे १९० किलो गंधक. पण या जिवाणूंना हवा आणि ऊब लागते, साचल्या पाण्यात ते काम करत नाहीत. त्यामुळे निचऱ्याआधी गंधक टाकणं म्हणजे पैसे चिखलात. कारखान्याची मळी (प्रेसमड) मिळत असेल तर ती सल्फिटेशनची, म्हणजे गंधकाच्या धुरानं रस साफ करणाऱ्या कारखान्याची आहे का विचारा. कार्बोनेशनच्या मळीत बहुतेक चुनाच असतो, तो तुमच्याकडे आधीच आहे.

कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं, तिची स्थापना १९६९ ची, हरियाणा-पंजाबातल्या उसर (तिकडच्या चोपण) जमिनी जिप्समनं सुधारून दाखवल्या, हे खरं. तिथली माती पोयट्याची, पाण्याची पातळी बऱ्याच ठिकाणी खोल, आणि जिप्समनंतर भात लावून पाणी खाली जात राहिलं. ती कृती जशीच्या तशी काळ्या मातीत आणली की खाली वाट नसल्यामुळे जिप्सम वरच पडून राहतं. आपल्याकडे ‘जिप्सम टाकून पाहिलं, काही झालं नाही’ असं जे ऐकू येतं त्याचं मोठं कारण हेच.

जिवाणूंच्या द्रावणाबद्दल विकणाऱ्याला एकच विचारा: सोडियम जातो कुठे? सोडियम हे मूलद्रव्य आहे, ते कुणी खाल्लं तरी नाहीसं होत नाही. सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू चांगलेच, पण त्यांच्यासाठी शेणखत आणि धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पुरेत. तसंच पट्ट्यावर लाल माती किंवा मुरूम पसरण्याचं. एक हंगाम छान दिसतो, पुढच्या उन्हाळ्यात क्षार नव्या मातीतून वर येतात.

निचरा झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात ऊस लावायची घाई नको. शेताचे लहान वाफे करा, बांध २५-३० सेंटिमीटर उंच. पाऊस अडवा, मुरू द्या, वरचा थर तडकेपर्यंत थांबा, मग पुन्हा. असं थांबून थांबून मुरवल्यानं सलग साचवण्यापेक्षा कमी पाण्यात जास्त क्षार जातात, कारण मधल्या वेळात बारीक छिद्रांतले क्षार पाण्यात उतरतात. पाऊस कमी पडला तर नदीचं पाणी आता सोडा, विहिरीचं नाही. सोबत जूनमध्ये एकरी २०-२५ किलो धैंचा पेरा आणि ४५-५० दिवसांनी, फुलं लागायच्या सुमारास, गाडा. ताग इथे नको, त्याला ओल सोसत नाही. धैंचा कुजताना निघणारा कर्बवायू पाण्यात मिळून चुना विरघळवतो आणि कॅल्शियम मोकळा करतो. फुकटचं जिप्समच ते. रब्बीत गहू घ्या, तो ईसी ६ पर्यंत उत्पादन टिकवतो. कांदा, भुईमूग, घेवडा या एकरात वर्ष-दोन वर्षं नकोत.

ऊस परत लावताना फुले २६५ सारखं क्षार सोसणारं वाण घ्या. नत्र शिफारशीपेक्षा पाव हिस्सा जास्त, शक्यतो अमोनियम सल्फेटमधून. चढ्या सामूत युरियाचा बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. डीएपीपेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट बरं, त्यात निम्म्याच्या आसपास जिप्समच असतं. पाचट जाळू नका, सरीत पसरा. उघड्या जमिनीतून होणारं बाष्पीभवन थांबलं की पापडीचं येणं निम्मं थांबतं. ठिबक केलंत तर पाणी खूप वाचेल, पण ठिबकचे क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जमतात आणि जूनचा पहिला हलका पाऊस त्यांना थेट मुळांत ढकलतो. त्या पहिल्या दोन-तीन सरींच्या वेळी, पाऊस पडत असतानाच, ठिबक चालू ठेवा. शेजारी हसतील, हसू द्या. आणि चार-पाच वर्षांत एक उन्हाळा ही जमीन पूर्ण सुकू द्या, भेगा पडू द्या. काळ्या मातीला एवढी सुट्टी हवीच असते.

किती दिवसांत फरक पडेल, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. निचऱ्याच्या तोंडातून येणाऱ्या पाण्याची ईसी दर महिन्याला मोजा, खिशातलं मीटर पुरेसं आहे. सुरुवातीला ती तुमच्या नदीच्या पाण्याच्या कितीतरी पट येईल. घाबरू नका, तेच हवंय. दोन-तीन हंगामांत ती उतरत गेली आणि भोकातली पातळी पाणी दिल्यावर चार-पाच दिवसांत एक मीटरच्या खाली जाऊ लागली, तर पट्ट्यात ऊस लावा. तोंडातून पाणीच येत नसेल आणि शेतात मात्र साचलेलं असेल, तर पाइप बुजलाय किंवा वरचा थर सोडियमनं बंद आहे. एका पाइपाच्या डोक्यावर फूटभर रुंद खड्डा पाइपापर्यंत खणा. खड्ड्यात पाणी भरून आलं आणि पाइप मुका असेल तर दोष पाइपात; खड्डा कोरडा आणि वर चिखल असेल तर जिप्समचा दुसरा हप्ता लवकर द्या.

सध्या एप्रिल-मेची पातळी आणि तीन थरांची ईएसपी एवढं हातात आलं की आकडे कळवा. पोत्यांचा आकडा त्यानंतर दोन ओळींत निघेल.